फुटपाथवरचा गट

परप्रांतात, आलमबागच्या बस-स्टँडवर, चौकशीच्या रांगेत मागून मराठी ऐकू आलं आणि पद्माताईंनी कान टवकारले.

"सर, रामदुलारीनं घोळ केला. चहावालीनं तिला खोली दिलीय."

"अरे राजरत्न, बेघर मनोरुग्णांना घर दिल्यानं काय फरक पडतो, हेच तर तपासतोय आपण! तिची चिठ्ठी घर न देण्याच्या गटात निघाली होती ना? दोन वर्षं फुटपाथवरच हवी ती."

"वर गोळ्या वेळेवर घेते, शांत झोपते. बरी होत चाललीय, सर."

"सगळा डेटा बिघडवला बाईनं! मार्चमध्ये अभ्यास संपेपर्यंत तरी तिला बाहेर झोपव म्हणावं."

"म्हटलं. तर चहावालीनं मलाच विचारलं, 'भैया, आपका मकान कौन-सी परची में निकला था?'"

"मग?"

"मी सांगितलं, हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नाही."