चार वेळा आत घेतलेली शिलाई

पूर्वी दवाखान्यात अनोळखी माणसंही एकमेकांशी बोलायची. आता सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, म्हणून शेजारच्या बाकावरच्या बाप-लेकीचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"नाडी चाळीस म्हणजे फार कमी का, बाबा?"

"माझी या वयात बहात्तर आहे."

"मग तुम्ही जिंकलात."

"चेष्टा पुरे. हात दे इकडे. किती गार पडलाय."

"दोनच दिवस ठेवतील ना?"

"न खाऊन हृदय दमलंय म्हणाले डॉक्टर. पाळी थांबली, हाडं ठिसूळ झाली. ठोके सुधारेपर्यंत सोडणार नाहीत."

"मी नाही राहणार. तिथे खायला लावतील. तुम्ही कधी बळजबरी केली नाहीत."

"मी काय केलं ते ऐक. वर्षभरात चार वेळा तू सैल झालेले कपडे आणलेस आणि चारही वेळा मी त्यांची शिलाई आत घेतली. शिंपी ना मी. आई म्हणाली, पोरीला विचारा काय होतंय. मी म्हटलं, आता अंगावर बरोबर बसतंय की."

"मीच आणून देत होते."

"तू आजारी होतीस गं. मला तर डोळे होते."

"रडू नका. लोक बघतायत."

"बघू देत."

"द्या तो भरतीचा फॉर्म, सही करते. पण जेवताना समोर बसाल?"

"दुकान बंद ठेवलंय."

"'अजून एक घास' म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"ताटाकडे बघायचं नाही."

"मग बघू तरी कुठे?"

"माझ्याकडे."