बाबांच्या बाटलीत शहाळं

बाबांच्या लघवीचं तुम्हाला सांगितलंच नाय ना? तपासायला लॅबमध्ये नेताना माझी सायकल खड्ड्यात गेली नि बाटली सांडली. मार नको म्हणून वाटेत शहाळं फोडून तिच्यात त्याचं पाणी भरलं. रिपोर्ट आला, साखर भरमसाठ! आयेने बाबांचे हापूस बंद केले. चौथ्या दिवशी बाबा लपून आंब्याची साल चाटताना दिसले, तेव्हा मला काय राहवलं नाय. सगळं कबूल केलं.

"मेल्या, माजे आंबे!" म्हणत बाबांनी एक कानफटात दिली, चार हापूस चापले नि दुसऱ्या दिवशी स्वतःच बाटली घेऊन लॅबमध्ये गेले, शहाळ्याचा घोटाळाही तिथे सांगून टाकला.

लॅबवाल्या ताईने पट्टी बुडवली. रंग आधीपेक्षा गडद! ती म्हणाली, "काका, तुमच्यापेक्षा ता शहाळा बरा होता."