टेंगूळ आलेला लघुग्रह

वाहन परवान्याच्या कार्यालयात टोकनचा आकडा बदलला की पुढच्या बाकावरच्या आजोबांचा अंगठा छत्रीच्या मुठीवर दाबला जायचा. दर वेळी किंचित उशिरा. शेजारी त्यांची बायको बसली होती.

"अहो, इथे कुठला तारा झाकला जातोय?"

"सराव करतोय. परवा तो लघुग्रह ताऱ्यासमोरून गेला ना, त्याचा आकार काढला आमच्या आकाशनिरीक्षणाच्या मंडळींनी. चौघांनी चार गावांतून तारा विझल्याच्या आणि परत दिसल्याच्या वेळा टिपल्या होत्या. प्रत्येकाच्या वेळांवरून कागदावर एक रेघ."

"मग?"

"तिघांच्या रेघा छान गोलात बसल्या. माझ्या रेघेवर मात्र एका बाजूला टेंगूळ, दुसऱ्या बाजूला खड्डा."

"असेल तो दगडच वाकडातिकडा."

"मागच्या दगडालाही माझ्याच रेघेवर टेंगूळ होतं."

"तुम्हाला बघूनच टेंगूळ येतं वाटतं त्यांना!"

"अगं, तारा विझला की बटण दाबायला प्रत्येकालाच थोडा उशीर होतो. तो नंतर वजा करायचा असतो. मी वीस वर्षं तेवढाच वजा करत आलोय."

"आणि उशीर वाढलाय."

"हं. म्हणून माझी रेघ तेवढी सरकते."

"ब्रेक दाबायलाही?"

आजोबांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली.

"लेक दोन वर्षं हेच सांगतेय, तर तिच्यावर डाफरता."

"ती नुसती काळजी करत होती. पुरावा कुठे देत होती?"

"बरं, आपला नंबर लागला. उठा, परवाना वाढवून घ्या."

"बस गं. नाही वाढवायचा. ही चावी घे. आजपासून गाडी तू चालवायचीस."