पदरात बांधलेले फ्यूज

(पालेगाव, १९९२चा मे. आण्णांच्या पिठाच्या गिरणीमागे आंब्याचं जुनं झाड आहे आणि त्याच्या फांद्या थेट विजेच्या तारांत घुसल्या आहेत. त्या तोडायला बारवीकडच्या वाडीवरून चांगो आलाय. तो कमरेला दोर बांधून बुंध्याशी उभा आहे. त्याची बायको भिकी त्याच्या आडवी उभी राहिली आहे, आणि तिला समजावण्याच्या भानगडीत आज कुणी न पडलेलं बरं.)

हिंदुराव : लाईन बंद केली म्हनून सांगतोय न्हवं? ईस वर्सं वायरमन हाय मी.

भिकी : बंद केलीस तं फ्यूज कुठं हायत?

हिंदुराव : डीपीच्या पेटीवर ठेवल्यात.

भिकी : पेटीवर. म्हंजे येईल तो लावून टाकील. चांगो, झाडाला हात लावायचा नाय.

आण्णा : भिके, खालीपिली तमाशा नको करू. दळणाचे डबे पार रस्त्यापर्यंत लागलेत. बारापर्यंत गिरणी चालू झाली पाहिजे माझी.

भिकी : तुमचे डबे थांबतील, आण्णा. माज्या भावाला कोन थांबला? गेल्या साली आमचा देऊ असाच सुबाभळीवर चढला व्हता. फ्यूज असेच पेटीवर. कोनाला तरी घाई झाली, त्यानं लावले. उजवा हात कोपरापासून गेला त्याचा. आता भाकर मोडायला बायको लागते.

हिंदुराव : लई वाईट झालं ते. पर त्याचा राग माज्यावर का काढतीस?

भिकी : त्या दिशी वायरमन कोन व्हता, सांगू आण्णांना?

आण्णा : म्हणजे, हिंदुराव, तुम्ही?

हिंदुराव : फ्यूज म्या लावले न्हाईत, आण्णा. म्या तर च्याला गेलतो.

भिकी : त्याचाच तं राग हाय. मानूस झाडावर आन तू च्याला. जा, तिन्ही फ्यूज घेऊन ये आन माज्या हातात दे.

आण्णा : गेला बघ तो आणायला. तोवर नवऱ्याला सांग, तारेच्या खालून सगळा शेंडाच उडवून टाक. पाच वर्षं पुन्हा कटकट नको.

भिकी : मुंडकं उडवलं का खुंटाला ढीगभर धुमारे फुटतील, नुसते वरवर चिकटलेले. वारा सुटला का तेच मोडून तारेवर पडतील. तारेकडच्या तीन फांद्या काढायच्या, बस. त्या पन जिथून फुटल्या तिथं, बुडाचा फुगवटा राखून. आधी खालून घाव, मंग वरून. नायतर फांदी पडताना बुंध्याची साल सोलत नेते.

आण्णा : हे तुला कुणी शिकवलं?

भिकी : देऊनं. झाडावरचा मानूस व्हता तो.

हिंदुराव : हे घे. एक, दोन, तीन. झालं समाधान?

भिकी : पदरात बांधू दे. हां. चांगो, चढ आता. फांदी दोरानं बांधून खाली सोड, टाकू नको.

आण्णा : सव्वाबारा झाले, भिके. तिन्ही फांद्या खाली आल्या. आता तरी दे त्याला फ्यूज.

भिकी : चांगोचा पाय जमिनीला लागू दे.

आण्णा : हा बघ, उतरला.

हिंदुराव : भिके, एक ऐक. त्या दिवशी सायबानं इचारलं तवा म्या सांगितलं, देऊ न इचारता चढला. नोकरी जाईल म्हनून भ्यालो.

भिकी : ठाऊक हाय. वरीस झालं, सगळी वाडी देऊलाच येडा म्हनते. तो पन आता तसंच म्हनतो.

हिंदुराव : म्या काय करू, सांग.

भिकी : मला नको इचारू. वाडीवर ये, त्याच्यासमोर बस, आन हेच बोल. धर तुजे फ्यूज.

हिंदुराव : येतो. उद्या विठ्ठलवाडीला झाड हाय, ते झालं की येतो.

भिकी : उद्या मी नसनार झाडाखाली. फ्यूज ठेवायला खिसा तुला पन हाय.