समोरच्याची बाजू आधी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते आमचे सर, सर्व गुरुजन, मित्रमैत्रिणी आणि मागे संकोचून बसलेले माझे आई-बाबा, सगळ्यांना नमस्कार.

सरांनी आयुष्यभर ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आणि तत्त्वज्ञान शिकवलं. त्यांच्या ग्रंथांवर पाहुणे बोलतीलच. मला मात्र पहिल्या तासापासून एकच कुतूहल होतं. इतका श्रद्धावान माणूस नास्तिकाची बाजू एवढ्या मायेनं का मांडतो?

सरांचा नियमच तो. कुणाचं म्हणणं खोडायचंय? आधी ते असं मांडा, की तो म्हणाला पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचंय!" एकदा चर्चमध्ये उपदेश करताना त्यांनी देव न मानणाऱ्याची बाजू मांडली. ती इतकी रंगली, की वेळ संपली आणि उत्तर राहूनच गेलं. दारात एका आजोबांनी त्यांचा हात धरला. "सर, देव आहे ना हो?"

"आहे, आजोबा. पुढच्या रविवारी सांगतो."

मी घरातली पहिली पदवीधर. मला पुढे तत्त्वज्ञानच शिकायचं होतं आणि बाबांचा ठाम नकार होता. माझी वकिली करायला सर आमच्या दुकानात आले. बाबा सोफे दुरुस्त करतात. सर नेमके स्प्रिंगा काढलेल्या सोफ्यावर बसले आणि गुडघे हनुवटीला लागले. त्याच अवस्थेत त्यांनी सुरुवात केली ती बाबांच्या बाजूनं!

"तुम्हाला वाटतं, ही आणखी शिकली तर हिचं बोलणं आपल्याला कळणार नाही. आपल्याच घरात ही पाहुणी होईल."

बाबांचं शिलाई मशीन थांबलं. "हेच! हेच म्हणायचंय मला."

आई म्हणाली, "सर, तुम्ही आलात तरी कुणाकडून?"

मला रडूच फुटायचं बाकी होतं. सर बाबांना म्हणाले, "आता हिची बाजू तुम्ही मांडा."

"हिला मोठं व्हायचंय."

"नाही, बाबा."

"मग आमच्या दुकानाची लाज वाटते."

"नाही हो!"

"अहो, विचारा की तिलाच," आई म्हणाली.

तोवर बाबांनी मला कधी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, माणसं कशाच्या आधारावर विश्वास ठेवतात, ते मला बघायचंय. बाबांनी हातातलं कापड चाचपलं. मग म्हणाले, "म्हणजे हिला वरचं कापड बघून चैन पडत नाही. आत हात घालायचाय."

"हो, बाबा. हेच."

"पटलं नाही मला," बाबा म्हणाले. "पण कळलं. जा."

मी सरांना सोडायला निघाले, तेव्हा वाटेत विचारलंच, हे कुठून शिकलात? ते म्हणाले, "देवाला आपला निवाडा वरूनच करता आला असता. पण तो माणूस झाला. त्याला भूक लागली, तो रडला, घाबरला. मग वरून बोलणारा मी कोण?"

सर, मी तुमच्या धर्माची नाही. या उत्तरावर माझा विचार अजून चालू आहे. पण आता रोज जेवताना बाबा विचारतात, "आज काय शिकलीस?" आणि ताट वाळेपर्यंत माझ्याशी वाद घालतात. पाहुणीशी कुणी असं भांडतं का?

मला बोलू दिलंत, आपली आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पदरात घ्या. बाबांना काही खटकलं असेल, तर ते घरी सांगतीलच.