शिवलेली शेवटची पानं

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी शारदा, गोविंदअण्णाची धाकटी बहीण. माझ्याआधी जे बोलले, त्यांनी त्याला देवमाणूस करून टाकलं. मला ते जमायचं नाही. दुःख आहेच, आणि रागही आलाय. दोन्ही खरं आहे.

तुम्ही त्याला राजाजीनगरच्या दुकानात पाहिलंत. कापडाचा तागा आला की आधी आतलं टोक उलगडून बघायचा. डाग, भोक, सगळं तिथेच लपवतात म्हणायचा. धंद्यात ठीक आहे हो. पण हा माणूस पुस्तकंही तशीच वाचायचा! आधी शेवटचं पान. आणि मग जेवताना सगळ्यांसमोर सांगून मोकळा. लहानपणी घरात कन्नड पुस्तक आलं की आधी त्याच्या हातात, मग माझ्या. माझ्यापर्यंत एकही गोष्ट जिवंत पोचली नाही. एकही नाही. तेव्हाच ठरवलं होतं, अण्णा, माझाही दिवस येईल.

आला. सुनेच्या हाती स्वयंपाकघर दिलं आणि म्हटलं, मरायच्या आधी एक जाडजूड, अवघड मराठी कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या शाळा कन्नड. मराठी घरात बोलायची, वाचायची सवय कुणाला? आणि कादंबरी कसली! पहिल्याच पानावर एक बाई विहिरीवर जाते. ती घरी परत येते की नाही, एवढंच कळायला सातशे पानं. मध्येच लेखक आजोबांच्या काळात जातो, एकाच नावाची तीन माणसं भेटतात, आणि पूर्णविराम शोधावा लागतो.

अण्णा हसला. म्हणाला, "शारदे, किराण्याची चिठ्ठी वाचायला तुला अर्धा तास लागतो. हे तुझं काम नाही."

शुगरने तोवर त्याचे डोळे गेले होते. तरी रोज दुपारी रिक्षा करून मल्लेश्वरमला माझ्या घरी हजर. "वाचतेच आहेस तर मोठ्याने वाच." वाचलं. मी अडखळले की ओरडायचा. मला कळत नव्हतं ते त्यालाही कळत नव्हतं, बरं का! "स्वल्प मागून घे गं," म्हणायचा. मी थोडी पानं मागे जाऊन पुन्हा वाचायची. असं भांडत भांडत आम्ही पुढे सरकलो.

एकदा कॉफी करायला आत गेले. परत येते तर काय? माझी सून शेवटचं पान उघडून बसलेली, आणि हा कान टवकारून! तिने तोंड उघडायच्या आत मी पुस्तक ओढून घेतलं. सुईदोरा काढला आणि शेवटचं प्रकरण त्याच्यासमोरच शिवून टाकलं. जाड दोऱ्याने.

त्याने विचारलं, "सूड घेतेस काय?"

"हो," म्हटलं. "लहानपणापासूनचा." काय सुख वाटलं मला!

दवाखान्यात ठेवलं तेव्हा आम्ही त्या शिवणीपर्यंत पोचलो होतो. माझा हात धरून म्हणाला, "शारदे, उसव. ती बाई घरी येते का, एवढंच सांग."

मी म्हटलं, "शेवट ऐकायचा तर घरी यायचं. माझ्या व्हरांड्यात, तुझ्या खुर्चीत."

"सरी," म्हणाला. सरी म्हणाला हो! कबूल केलं त्याने. आत्ताच सगळे सांगत होते ना, गिऱ्हाइकाला दिलेला शब्द अण्णाने कधी मोडला नाही? मग मला दिलेला का मोडला? मी काय गिऱ्हाइकापेक्षा परकी होते?

काल त्याचा मुलगा म्हणाला, "आत्या, उद्या फोटोपुढे तो शेवट वाचून दाखव. बाबांना शांती मिळेल." शांती? मुळीच नको. जो घरी आला नाही, त्याला शेवट नाही. तळमळू दे त्याला. मी नाही का तळमळत?

पुस्तक या पिशवीत आहे. कात्रीही आहे. आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करा. मी दोरा कापणार आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, अण्णा, तुझ्यासारखं आधी शेवटचं पान वाचणार आहे. मनातल्या मनात. ओठसुद्धा हलवणार नाही.

ऐकायचं असेल तर घरी ये.

उठा सगळे.