रबरी पाय

मिस्त्री : रबरी पायांशिवाय स्पीकरची पेटी माझ्या दुकानातून बाहेर जात नाही, साहेब. तीस वर्षांत गेली नाही.

मुलगा : मला बिनपायांचाच सबवूफर हवाय. थेट जमिनीला टेकणारा.

मिस्त्री : अहो, जमीन हादरेल. कपाटातली भांडी वाजतील. खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील.

मुलगा : खाली कुणी राहत नाही. आणि जमीन हादरायलाच हवी आहे.

मिस्त्री : लोक माझ्याकडे हादरा घालवायला येतात, तुम्ही तो मागायला आलात. कारण सांगा, त्याशिवाय माझा हात चालायचा नाही.

मुलगा : ती खिडकीशी स्टुलावर बसलीय ना, ती माझी आई. सहा वर्षं झाली तिचे कान गेले त्याला. यंत्र लावून पाहिलं, नुसती खरखर येते म्हणून काढून ठेवलं.

आई : काय म्हणतायत रे ते?

मुलगा : काही नाही आई. नंतर सांगतो.

मिस्त्री : ओठांवरून कळतं त्यांना?

मुलगा : समोर बसून सावकाश बोललं तर सगळं कळतं. पण पडद्यावरच्या माणसांना सावकाश बोला म्हणून कोण सांगणार? आम्ही सिनेमा लावला की ही उठून आत जाते. पूर्वी मध्येच शेवट सांगून टाकायची, आम्ही वैतागायचो. आता रविवारी मावशीकडे चाललीय, कायमची. मावशीलाही कमीच ऐकू येतं. म्हणते, तिथे आम्ही दोघी सारख्या, कुणाची कुणाला अडचण नाही.

मिस्त्री : आणि तुम्ही त्यांना पेटीने अडवणार.

मुलगा : हसू नका. मागच्या आठवड्यात रस्त्यावरून अवजड गाडी गेली. आमच्या गडबडीत आम्हाला पत्ताही नाही. ही म्हणाली, केवढी मोठी गाडी गेली. तळपायांना कळलं तिच्या. त्या दिवसापासून डोक्यात हेच आहे.

मिस्त्री : हसलो नाही मी. खोली केवढी?

मुलगा : चौदा बाय अकरा. खाली फरशी.

मिस्त्री : मग रबर काढून काय उपयोग? गाडीने हलली तरी पेटीने फरशी ढिम्म हलणार नाही. सोफ्याखाली लाकडी चौथरा करावा लागेल, आतून पोकळ. पेटी त्याच्यावर, स्पीकरचं तोंड खाली. म्हणजे हादरा फळीतून पावलांत जाईल.

मुलगा : रविवारच्या आत होईल?

मिस्त्री : नुसता गोंद वाळायला दोन दिवस लागतात. शनिवारी संध्याकाळी या.

आई : कपाट करतोयस का कसलं?

मुलगा : कपाट नाही, आई. नंतर सांगतो.

मिस्त्री : दोनदा झालं.

मुलगा : काय?

मिस्त्री : नंतर. तुम्ही तसं म्हणालात की त्या खिडकीकडे तोंड फिरवतात. बघा, आत्ताही.

मुलगा : घाईत निघून जातं हो तोंडातून.

मिस्त्री : माझ्या बायकोलाही शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं. या करवतीपायी, वर्षानुवर्षं इथे माझ्यासोबत फळ्या कापायची ती. मी इथे लोकांसाठी आवाज बांधत बसायचो, आणि घरी गेलो की हेच, नंतर सांगतो. पुष्कळ सांगायचं राहिलं. आता कुणाला सांगू?

(मुलगा खिडकीशी बसलेल्या आईकडे वळून बघतो.)

मिस्त्री : पेटी मी करून देतो. पण ती तुमच्या वतीने बोलणार नाही. ही नमुन्याची पेटी आहे ना, हिचे पाय काढून एका फळीवर ठेवतो मी. तोवर बाईंना चपला काढायला सांगा. आणि कशाला, तेही सांगा.

मुलगा : आई, इकडे बघ. माझ्याकडे. तुझ्यासाठी पेटी करून घेतोय. सिनेमाची. कानांनी नाही, पायांनी ऐकायची. तू उठून आत जातेस ना, मला फार वाईट वाटतं. मावशीकडे जाऊ नकोस.

आई : एवढा वेळ त्यांना हेच सांगत होतास?

मुलगा : हो.

आई : मला सोडून.

मुलगा : हो. चुकलंच माझं.

(मिस्त्री पेटीवर एका सिनेमाचा तुकडा सुरू करतो. आई अनवाणी पावलं फळीवर ठेवते.)

आई : अगं बाई. घोडे येतायत.

मिस्त्री : बरोबर. घोडेच आहेत.

आई : त्यातला एक लंगडतोय.

मुलगा : मला नाही ऐकू येत तसा कुठला.

मिस्त्री : आहे, साहेब. एक लंगडा आहे. आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता.

मुलगा : आई, रडतेयस का? रविवारचं काय मग?

आई : गप्प बस जरा. नंतर सांगते.